भिवंडीची वीज : कंपनीची, सरकारची की ग्राहकाची?

वीजवितरणाच्या फ्रँचायझी पद्धतीचा देशातील पहिला मोठा प्रयोग भिवंडीत झाला. जानेवारी २०२७ मध्ये त्याची वीस वर्षे आणि दुसऱ्या कराराची मुदत एकाच वेळी पूर्ण होते. या निमित्ताने भिवंडीच्या विजेचा इतिहास, त्यामागील घटनात्मक चौकट, कायद्यातील कलमे आणि त्यावरील राजकारण यांचा हा आढावा.

भिवंडी : २६ जानेवारी २००७ रोजी, प्रजासत्ताक दिनी, भिवंडी आणि परिसरातील वीजवितरणाची सूत्रे महावितरणकडून टोरंट पॉवर या खासगी कंपनीकडे गेली. सुमारे ७२१ चौरस किलोमीटरच्या या क्षेत्रात त्या वेळी एकत्रित तांत्रिक व वाणिज्यिक हानी ५८ टक्क्यांच्या घरात होती. शंभर रुपयांची वीज भिवंडीत पोचली, तर त्यांतील जेमतेम ४२ रुपये तिजोरीत परत येत, असा या आकड्याचा ढोबळ अर्थ. उरलेली वीज तारांत जिरत असे, चोरीला जात असे किंवा बिल होऊनही वसूल होत नसे.

तेव्हापासून या शहरात दोन परस्परविरोधी विधाने एकाच वेळी ऐकू येतात. वीजक्षेत्रातील अभ्यासक भिवंडीला यशस्वी प्रयोग म्हणतात. भिवंडीत मात्र याच कंपनीविरुद्ध मोर्चे निघतात, बंद पाळले जातात आणि प्रत्येक निवडणुकीत कंपनीला घालवण्याचे आश्वासन दिले जाते. दोन्ही बाजूंकडे सांगण्यासारखे बरेच आहे. त्यांतील गुंता सोडवायचा तर सुरुवात मागाच्या खटखटीपासून करावी लागते.

माग आणि मोटार

भिवंडी हे मूळचे हातमागाचे गाव. उत्तर हिंदुस्थानातून आलेले मोमीन-अन्सारी विणकर आणि तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर यांनी येथे वस्ती केली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हातमागाची जागा यंत्रमागाने घेऊ लागली. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा गिरण्यांचे विणकाम मोठ्या प्रमाणावर भिवंडीच्या यंत्रमागांकडे वळले. संप मोडला, अनेक गिरण्या बंद पडल्या, पण भिवंडीचे माग वाढतच राहिले.

हा उद्योग प्रामुख्याने मजुरीवर चालतो. व्यापारी सूत देतो, मागवाला कोरे कापड विणून देतो आणि त्याची मजुरी घेतो. सुताचा भाव आणि कापडाचा भाव या दोन्ही गोष्टी त्याच्या हाती नसतात. त्याच्या हिशेबात कामगारांच्या पगारानंतरचा सर्वांत मोठा खर्च विजेचाच. माग बारा-बारा तासांच्या दोन पाळ्यांत चालतात. वीज गेली की माग थांबतो आणि कामगाराची मजुरीही थांबते, कारण ती विणलेल्या कापडावर मोजली जाते. म्हणूनच घरगुती ग्राहकाला त्रासदायक वाटणारे भारनियमन भिवंडीत थेट चुलीपर्यंत पोचते.

२००५ ते २००७ या काळात महाराष्ट्रात विजेची मोठी तूट होती. ज्या भागात गळती व थकबाकी अधिक, तेथे भारनियमनही अधिक, असे सूत्र राज्यात स्वीकारले गेले. गळतीत आघाडीवर असलेल्या भिवंडीला त्याची झळ सर्वाधिक बसली. प्रामाणिकपणे बिल भरणारा मागवाला आणि तारेवर आकडा टाकणारा त्याचा शेजारी, दोघेही एकाच अंधारात बसत. फ्रँचायझीच्या प्रयोगाला जमीन तयार झाली ती येथे.

घटनेत विजेचे स्थान

वीज कोणाच्या अखत्यारीत, हा वाद स्वातंत्र्याइतकाच जुना आहे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील समवर्ती सूचीत ३८ वी नोंद ‘वीज’ अशी एकाच शब्दाची आहे. म्हणजे संसद आणि विधानमंडळ या दोघांनाही या विषयावर कायदे करता येतात. दोन्ही कायद्यांत विसंगती आल्यास कलम २५४ नुसार केंद्राचा कायदा वरचढ ठरतो. राज्याचा कायदा राष्ट्रपतींच्या विचारार्थ राखून ठेवला गेला असेल आणि त्यास त्यांची संमती मिळाली असेल, तरच तो त्या राज्यापुरता टिकतो. विजेच्या वापरावर व विक्रीवर कर बसवण्याचा अधिकार मात्र राज्यसूचीतील ५३ व्या नोंदीने राज्यांकडे ठेवला आहे.

या चौकटीमागे एक मराठी विचारधारा आहे, हे अनेकदा विसरले जाते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते आणि वीजविषयक धोरण त्यांच्याच खात्याकडे होते. ऑक्टोबर १९४३ मध्ये धोरण समितीपुढे बोलताना त्यांनी वीज खासगी मालकीची असावी की सरकारी, हा प्रश्न स्पष्टपणे मांडला होता. स्वस्त आणि मुबलक वीज मिळाल्याशिवाय देशाचे औद्योगिकीकरण होणार नाही आणि औद्योगिकीकरणाशिवाय दारिद्र्यातून सुटका नाही, हा त्यांच्या मांडणीचा गाभा होता. मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, ही भूमिका त्यांनी पुढे १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनातही घेतली.

१९४८ चा वीजपुरवठा कायदा झाला, तेव्हा केंद्रात वीज खाते काकासाहेब गाडगीळ यांच्याकडे होते. राज्याराज्यांत वीजमंडळे स्थापन झाली ती या कायद्याने. महाराष्ट्र राज्य वीज मंडळ जून १९६० मध्ये, म्हणजे महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर दोन महिन्यांच्या आत, अस्तित्वात आले.

मंडळाकडून कंपन्यांकडे

नव्वदच्या दशकात हे चित्र पालटू लागले. डिसेंबर १९९३ मध्ये मंडळाने दाभोळ प्रकल्पासाठी एन्रॉनच्या कंपनीशी वीजखरेदी करार केला. १९९५ मध्ये युती सरकारने तो रद्द केला आणि १९९६ मध्ये फेरवाटाघाटी करून पुन्हा स्वीकारला. महागडी वीज परवडेनाशी झाल्यावर २००१ मध्ये मंडळाने खरेदीच थांबवली. या व्यवहाराची तपासणी करण्यासाठी माधव गोडबोले यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. खासगी कंपनीशी दीर्घ मुदतीचा करार करताना त्यातील अटी लोकांपुढे येणे किती आवश्यक असते, हा दाभोळचा धडा होता.

वीज नियामक आयोगांचा कायदा १९९८ मध्ये झाला आणि ऑगस्ट १९९९ मध्ये महाराष्ट्र वीज नियामक आयोग स्थापन झाला. दर ठरवण्याचे काम मंत्रालयातून आयोगाकडे गेले. १० जून २००३ पासून नवा वीज कायदा अमलात आला. त्यानुसार ६ जून २००५ रोजी मंडळाचे विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण, महावितरण या कंपन्या आणि त्यांची सूत्रधारी कंपनी अस्तित्वात आली. दिल्लीने २००२ मध्ये वितरण कंपन्यांतील ५१ टक्के भागभांडवल खासगी उद्योगांकडे दिले होते. महाराष्ट्राने तो मार्ग न स्वीकारता फ्रँचायझीचा मधला मार्ग निवडला.

फ्रँचायझी म्हणजे काय?

२००३ च्या कायद्यातील कलम २, उपकलम २७ नुसार फ्रँचायझी म्हणजे परवानाधारकाने आपल्या वतीने, आपल्या क्षेत्राच्या विशिष्ट भागात वीजवितरण करण्यासाठी प्राधिकृत केलेली व्यक्ती. कलम १४ मधील एका परंतुकानुसार अशा व्यक्तीला आयोगाकडून स्वतंत्र परवाना घ्यावा लागत नाही. त्याच परंतुकात पुढे एक महत्त्वाचे वाक्य आहे : त्या क्षेत्रातील वितरणाची जबाबदारी परवानाधारकाचीच राहते.

याचा अर्थ सरळ आहे. भिवंडीचा परवाना महावितरणचाच आहे. उपकेंद्रे, रोहित्रे आणि वाहिन्यांचे मूळ जाळे महावितरणच्या मालकीचे आहे. भिवंडीतील विजेचा दर टोरंट ठरवत नाही. महावितरणच्या राज्यभरातील ग्राहकांना आयोग जो दर लावतो, तोच येथे लागू होतो. ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यावरील विद्युत लोकपाल ही कलम ४२ मधील व्यवस्थाही भिवंडीच्या ग्राहकाला खुली आहे. टोरंटने दर वाढवले, ही शहरात सर्रास ऐकू येणारी तक्रार म्हणूनच कायद्याच्या दृष्टीने चुकीच्या पत्त्यावर जाते. मीटर, वसुली, वर्तणूक आणि सेवेबद्दलच्या तक्रारींचा पत्ता मात्र बरोबर असतो.

कंपनीला नफा कोठून मिळतो? भिवंडीच्या सीमेवर मोजलेली वीज कंपनी महावितरणकडून निविदेत ठरलेल्या दराने विकत घेते आणि ग्राहकांकडून आयोगाच्या दराने बिल वसूल करते. केवळ समजण्यासाठी सोपे आकडे घेऊ. कंपनीने १०० युनिट ३ रुपये दराने घेतली, तर तिला ३०० रुपये द्यावे लागतील. ग्राहकाचा सरासरी दर ५ रुपये धरला आणि हानी ४० टक्के असली, तर ६० युनिटांचेच पैसे म्हणजे ३०० रुपये हाती येतील. नफा शून्य. हानी १५ टक्क्यांवर आणली, तर ८५ युनिटांचे ४२५ रुपये मिळतील. वरच्या १२५ रुपयांतून नव्या वाहिन्या, मीटर, पगार, व्याज आणि नफा निघेल. त्यामुळे गळती थांबवण्यात कंपनीचा थेट स्वार्थ असतो. या पद्धतीचे बळ येथेच आहे आणि तिच्याविषयीच्या रोषाचे मूळही येथेच आहे.

बदलले काय?

पहिल्या काही वर्षांत बदल वेगाने झाले. जुने मीटर बदलण्यात आले, उघड्या तारांच्या जागी आवरण असलेल्या केबल आल्या, रोहित्रे वाढवण्यात आली. एकेकाळी दर वर्षी मोठ्या संख्येने जळणारी रोहित्रे टिकू लागली. ५८ टक्क्यांची हानी काही वर्षांतच २० टक्क्यांच्या आसपास आली आणि पुढेही घटत गेली. राज्यातील विजेची तूट कमी होत गेली, तसे भारनियमनाचे दिवसही मागे पडले. मुंबई-नाशिक महामार्गालगत गोदामांची जी वसाहत उभी राहिली, तिलाही खात्रीच्या विजेची गरज होतीच.

या सुधारणेची किंमत मात्र सर्वांनी सारखी मोजली नाही. ज्याच्याकडे पूर्वी मीटरच नव्हते किंवा बंद मीटरवर सरासरी बिल येत होते, त्याचे बिल एकदम वाढले. अनेक मागवाल्यांचे गणित कमी बिलावर उभे होते. मजुरीचे दर तेच राहिले आणि वीज पूर्ण मोजली जाऊ लागली. चोरी करणाऱ्याला यात तक्रारीचे कारण नाही. परंतु मीटर वेगाने फिरतो, तपासणीनंतर अवाच्या सवा रक्कम आकारली जाते, जुनी थकबाकी नव्या भाडेकरूच्या माथी मारली जाते, अशा तक्रारी वर्षानुवर्षे होत राहिल्या आणि त्यांतील प्रत्येक तक्रार चोराचीच असते, असे म्हणता येणार नाही.

दोन कलमांतील अंतर

या तक्रारी समजून घेताना कायद्यातील दोन कलमे वेगळी ठेवावी लागतात. कलम १३५ वीजचोरीचे आहे. त्यासाठी अप्रामाणिक हेतू सिद्ध व्हावा लागतो, तीन वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद आहे आणि २००७ च्या दुरुस्तीने हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र झाला. कलम १२६ अनधिकृत वापराचे आहे. त्यात हेतू पाहिला जात नाही, परंतु दुप्पट दराने आकारणी होते. वापराचा कालावधी निश्चित करता आला नाही, तर तपासणीपूर्वीचे बारा महिने धरले जातात. मंजूर भारापेक्षा अधिक भार वापरणे कलम १२६ मध्ये मोडते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सीताराम राइस मिल प्रकरणात दिला. मंजुरी न घेता दोन माग वाढवणारा कारखानदार या निकालाच्या कक्षेत येतो. तो चोर ठरत नाही, पण दुप्पट आकारणीतून सुटतही नाही.

ग्राहकाला येथे काही हक्क आहेत. तात्पुरत्या आकारणीवर त्याला हरकत घेता येते आणि सुनावणीनंतर अंतिम आदेश व्हावा लागतो. त्यावर कलम १२७ नुसार तीस दिवसांत अपील करता येते. मात्र त्यासाठी आकारलेल्या रकमेपैकी निम्मी रक्कम आधी भरावी लागते. बारा-चोवीस मागांच्या मालकाला ही अटच अनेकदा अपिलाची वाट बंद करणारी ठरते. शिवाय आकारणी अधिकारी हा राज्य सरकारचा, मंडळाचा किंवा परवानाधारकाचा अधिकारी असून राज्य सरकारने त्यास नेमलेले असावे, असे कलम १२६ चे शब्द आहेत. त्यात फ्रँचायझीचा उल्लेख नाही. त्यामुळे आदेशावर सही कोणाची आणि कोणत्या अधिकारात, हा भिवंडीसारख्या शहरात निव्वळ तांत्रिक मुद्दा राहत नाही.

थकबाकीचा प्रश्नही असाच. मे २०२३ मध्ये के. सी. निनान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, नियमांत तरतूद असल्यास जागेच्या पूर्वीच्या मालकाची थकबाकी नव्या मालकाकडून मागता येते, असे स्पष्ट केले. महाराष्ट्रात आयोगाच्या २००५ च्या वीजपुरवठा संहितेने, कायदेशीर वारस वगळता, अशा वसुलीला सहा महिन्यांच्या थकबाकीची मर्यादा घातली होती. दुसरीकडे, वीज ही मूलभूत सुविधा असून घरमालक नाहरकत देत नाही एवढ्याच कारणाने भाडेकरूला ती नाकारता येत नाही, असे न्यायालयाने २०२२ मध्ये दिलीप विरुद्ध सतीश प्रकरणात म्हटले. भाड्याच्या खोल्या आणि भाड्याचे माग यांनी भरलेल्या भिवंडीला हे दोन्ही निकाल लागू पडतात. ते माहीत असलेले ग्राहक मात्र थोडे.

सवलतीचे राजकारण

यंत्रमागांना विजेत सवलत देण्याचे धोरण महाराष्ट्रात जुने आहे. कलम ६५ नुसार राज्य सरकारला सवलत द्यायची असेल, तर तिची रक्कम आगाऊ भरावी लागते. २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने २७ अश्वशक्तीपेक्षा कमी भाराच्या यंत्रमागांना प्रतियुनिट १ रुपया आणि त्यापेक्षा अधिक भाराच्या मागांना ७५ पैसे अतिरिक्त सवलत देण्याचा निर्णय घेतला. कृषिपंपांची कथाही वेगळी नाही. २००४ च्या निवडणुकीपूर्वी मोफत विजेची घोषणा झाली, पुढील वर्षी ती मागे घेतली गेली आणि २०२४ मध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांसाठी ती पुन्हा आली.

सवलत देते सरकार, दर ठरवतो आयोग, परवाना महावितरणचा आणि बिल आणून देते कंपनी. साहजिकच रोष बिल आणणाऱ्यावर निघतो. राजकीय पक्षांनाही ते सोयीचे असते. सत्तेत असताना करार पुढे चालू ठेवायचा आणि विरोधात बसल्यावर कंपनीविरुद्ध मोर्चा काढायचा, हे भिवंडीने गेल्या दोन दशकांत पाहिले आहे.

इतर शहरांचा अनुभव

भिवंडीचा प्रयोग इतरत्र सहजी रुजला नाही. औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर), नागपूर आणि जळगाव येथे २०११ मध्ये फ्रँचायझी नेमण्यात आल्या. औरंगाबादचा करार २०१४ मध्ये, जळगावचा २०१५ मध्ये आणि नागपूरचा २०१९ मध्ये संपुष्टात आला. वितरण पुन्हा महावितरणकडे आले. तरीही मार्च २०२० पासून मालेगाव आणि शीळ-मुंब्रा-कळवा येथे नव्या फ्रँचायझी आल्या. यांपैकी मालेगाव हेही यंत्रमागाचेच शहर. करार करणे सोपे असते, तो निभावण्यासाठी भांडवल आणि धीर दोन्ही लागतात, हे या अनुभवांतून दिसते. करार फसला, तर महावितरणला ते क्षेत्र परत घेता येते, हेही दिसते.

याच काळात वादाची व्याप्ती वाढली. एकाच क्षेत्रात एकाहून अधिक वितरकांना वाव देणारे वीज दुरुस्ती विधेयक ऑगस्ट २०२२ मध्ये लोकसभेत मांडले गेले, स्थायी समितीकडे गेले आणि २०२४ मध्ये लोकसभा विसर्जित होताच व्यपगत झाले. समवर्ती विषयात केंद्र राज्यांना डावलत असल्याचा आक्षेप अनेक राज्यांनी घेतला होता. नवी मुंबई-ठाणे परिसरासाठी अदानी समूहातील कंपनीने समांतर परवाना मागितल्यावर ४ जानेवारी २०२३ रोजी महाराष्ट्रातील वीज कर्मचारी संपावर गेले. तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या आश्वासनानंतर तो त्याच दिवशी मागे घेण्यात आला. फायद्याची शहरे खासगी कंपन्यांकडे गेली, तर शेतीपंप आणि आडगावे यांचा भार कोण उचलणार, हा कर्मचाऱ्यांचा प्रश्न होता. तो अद्याप मिटलेला नाही.

करार संपताना

भिवंडीचा पहिला करार दहा वर्षांचा होता. जानेवारी २०१७ मध्ये तो आणखी दहा वर्षांसाठी वाढवण्यात आला. २००७ मध्ये निम्म्याहून अधिक वीज हिशेबाबाहेर होती. तेव्हा जोखीम मोठी होती आणि ती घेणाऱ्याला मोठा वाटा मिळणे समजण्यासारखे होते. आता जाळे सुधारले आहे, वसुलीची सवय लागली आहे आणि गळतीत कपातीला फारसा वाव उरलेला नाही. त्यामुळे जानेवारी २०२७ नंतरच्या व्यवस्थेत, मग ती कोणाच्याही हाती असो, या सुधारणेचा लाभ कंपनी, महावितरण आणि ग्राहक यांच्यात कसा वाटला जाईल, हा खरा प्रश्न आहे.

त्यासोबत आणखी काही गोष्टी तपासाव्या लागतील. करारातील अटी आणि वार्षिक हिशेब भिवंडीकराला मराठीत व उर्दूत सहज वाचता येतील का? वादग्रस्त मीटरची तपासणी त्रयस्थ प्रयोगशाळेत आणि ग्राहकासमक्ष होईल का? आकारणीचा आदेश काढणारा अधिकारी वसुलीवर नफा अवलंबून असलेल्या कंपनीपासून स्वतंत्र असेल का? कलम १४ ने टाकलेली जबाबदारी महावितरण केवळ कागदावर सांभाळणार की शहरात बसून?

वीज खासगी असावी की सरकारी, हा बाबासाहेबांनी १९४३ मध्ये मांडलेला प्रश्न भिवंडीत आजही विचारला जातो. स्वस्त व मुबलक वीज कोण देईल, ही त्यांची कसोटी होती. वीस वर्षांत मुबलकतेची बाजू बरीच सावरली. मागवाल्याच्या मजुरीच्या मानाने ती स्वस्त आहे का आणि बिल चुकल्यास दाद कोठे लागते, या दोन प्रश्नांची उत्तरे नव्या कराराच्या कागदांत शोधावी लागतील. ते कागद सहीपूर्वी शहराला वाचायला मिळाले, तर दाभोळच्या धड्याचे चीज झाले असे म्हणता येईल.